मस्कतला पाठवलेली दोन पत्रं

शहापुरात मी भाड्याने राहते त्या खोलीच्या खाली पिठाची गिरणी आहे. सकाळी दहाला ती सुरू झाली की फरशी बारीक थरथरायला लागते आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास हळूहळू कडेकडे सरकतो. मी तो उचलून पुन्हा मध्ये ठेवते. काही दिवस असे जातात की संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर लक्षात येतं, आज आपण तोंडातून एक शब्दही काढलेला नाही.

माझं काम अरबी लिहिण्याचं आहे. आखाती देशांतून मुंबईच्या हॉस्पिटलांत पेशंट येतात, त्यांचे रिपोर्ट आणि घरी सोडताना द्यायच्या सूचना मी इंग्रजीतून अरबीत करते. कागद मेलवर येतात, मेलवरच जातात. पेशंट मी कधी पाहत नाही. ज्यांच्यासाठी काम करते त्यांनाही पाहिलेलं नाही.

अरबीच का, असं लोक विचारतात तेव्हा मी सांगते की कामाला मागणी असते. खरं कारण वेगळं आहे. कॉलेजात एक जादा भाषा घ्यायची होती. फ्रेंच आणि जर्मनच्या वर्गांत माझ्या शाळेतल्या मुली होत्या. अरबीच्या वर्गात माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं, म्हणून मी तिथे जाऊन बसले.

लहानपण भातसानगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील धरणावर नोकरीला होते. शाळा शहापुरातली, इंग्रजी माध्यमाची. त्या शाळेत वाक्य म्हणजे बाकांवर नंबरवार बसवलेली मुलं होती. कर्ता पहिल्या बाकावर, क्रियापद त्याच्या शेजारी, जागा सोडली तर बाईंची लाल रेघ. घरी आणि एसटी स्टँडवर मात्र लोक शब्द कसेही उधळत. "गेली ना मुरबाड!" असं कुणी ओरडलं की गाडी चुकल्याचं दुःख सर्वात आधी पोचायचं आणि कोणती गाडी ते मागून. हे मी ऐकायचे, पण माझ्या तोंडून असं वाक्य यायचं नाही. मी मराठीही नंबरवारच बोलते.

अरबी शिकताना पहिल्या महिन्यात सरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'ज़हब अल्-औलाद' आणि 'अल्-औलाद ज़हबू'. दोन्हींचा अर्थ एकच, मुलं गेली. पहिल्यात 'गेलं' आधी आणि 'मुलं' नंतर. दुसऱ्यात मुलं आधी. दोन्ही बरोबर. पण क्रियापद आधी आलं तर मागून दहा मुलं येवोत की शंभर, ते एकवचनीच राहतं. मुलं आधी येऊन उभी राहिली, तरच क्रियापद अनेकवचनी होतं. माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, हे काय, आधी येणाऱ्याला मागे किती जण आहेत ते माहीतच नसतं का? सर हसले. मला हसू आलं नाही. मला ते क्रियापद आवडलं. समारंभाला वेळेआधी पोचून रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकट्याच बसलेल्या माणसासारखं ते मला वाटलं.

सरांनी आणखी एक सांगितलं होतं. बातमी द्यायची असेल, गोष्ट पुढे न्यायची असेल तर अरबी माणूस बहुधा क्रियापदाने सुरुवात करतो. ज्याच्याविषयी बोलायचं ते ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असेल तर ते नाम पुढे आणतो. बोलताना तर लोक सर्रास नाम पुढे आणतात. मी हे वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. पुढे कामात मी जवळजवळ प्रत्येक वाक्य क्रियापदाने सुरू करत आले. ते भारदस्त दिसतं, आणि त्यात चूक काढायला जागा राहत नाही.

वडील रिटायर झाल्यावर आईवडील मुरबाडकडच्या आमच्या गावी राहायला गेले. तिथे नेटवर्क परसातल्या आंब्याखालीच येतं, म्हणून मी शहापुरात राहिले. शनिवारी दुपारच्या एसटीने गावी जाते, सोमवारी सकाळी परत येते.

गेल्या हिवाळ्यातल्या अशाच एका शनिवारी मी गाडीत एक अरबी कागद तपासत बसले होते. सापगावला उतरणारे एक काका शेजारी येऊन बसले. सत्तरीकडे झुकलेले, पांढरा शर्ट, गुडघ्यावर पिशवी. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे.

"इन्ती तअरफी अरबी?" ते म्हणाले.

तुला अरबी येतं का, एवढंच विचारलं होतं. मला कळलंही. पण पाच वर्षं अरबी लिहून मी ती भाषा कधी कुणाशी बोललेच नव्हते. तोंड उघडेना. शेवटी मी मराठीत म्हणाले, "वाचता-लिहिता येतं. बोलता नाही येत."

"माझं उलटं हाय," काका खूश होऊन म्हणाले. "बोलता येतं, अक्षर एक वळखत नाय. म्हंजे आपण दोघं मिळून एक मानूस झालो गो!"

मागच्या सीटवरची बाई पुढे वाकली. "काय हो, त्या पोरीला काय भलत्याच भाषेत विचारता?"

"तुज्या कामाचं नाय ते," काका म्हणाले आणि नदीवरचा पूल ओलांडून गाडी सापगावला थांबेपर्यंत मला आपली हकिगत सांगत राहिले.

सव्वीस वर्षं ते मस्कतला एका घरात स्वयंपाकी होते. त्या घरातल्या मालकांना ते 'बाबा' म्हणायचे आणि मालकिणीला 'मामा'. तिकडे कामाला असलेली माणसं असंच म्हणतात. लेकीच्या लग्नासाठी सुट्टी घेऊन आले ते 'दोन महिन्यांत येतो' असं सांगून. मग गुडघ्याचं दुखणं निघालं, वर्ष गेलं, आणि परत जाणं झालंच नाही. पाच वर्षं झाली. आता त्याच भागात ड्रायव्हर असलेल्या भिवंडीच्या एका माणसाकडून कळलं होतं की बाबा वारले. त्याने मामाच्या लेकीचा नंबरही दिला होता. काकांनी एकदा फोन लावला. पलीकडून लेकीचा आवाज आला आणि यांच्या घशातून शब्द निघेना. फोन ठेवून दिला.

"तू लिवून देशील?" त्यांनी उतरता उतरता विचारलं. "मामाला. तिनी एक शब्द उलटा पाठवला ना, म्हंजे झालं. न सांगता ऱ्हायलो मी. तिच्या मनात काय हाय ते तरी कळंल."

मी सहसा असं काही कबूल करत नाही. पण गाडी सुटायच्या घाईत 'हो' म्हणून गेले.

पुढच्या शनिवारी मी सापगावच्या फाट्यावर उतरले. काकांचं घर रस्त्यापासून जवळच, पुढे ओटी, ओटीवर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. भात कापून झालेलं होतं आणि खाचरांत वाल फुलावर आला होता. काकूंनी मला खालून वर एकदा पाहून घेतलं.

"ही व्हय तुमची अरबीवाली? एवढीशी तर हाय," त्या म्हणाल्या. मग मला, "बस गो. यांचं काय ऐकू नको फार. सव्वीस वर्षं त्या मामाला बिर्यानी करून घातली. बाई असून मामा! आन् मला एक कप चा करून दिला नाय आजतागायत."

"तू मागितला कदी?"

"मागून घ्यायचा आसतो व्हय चा?"

मी मांडीवर वही ठेवली. काका खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले आणि सांगायला लागले. मामा, लिंबाच्या झाडाला पाणी कोण घालतं. मोठी कढई वरच्या फळीवर आहे, तुझा हात पुरायचा नाही, लेकीला सांगून खाली काढून घे. मसूर भिजत घालू नको, तुला वात होतो. माझा गुडघा आता बरा आहे, पण जिना चढवत नाही. पोरीला दोन मुली झाल्या. ते अरबीत बोलत होते, अडखळले की मध्येच मराठीत शिरत, आणि प्रत्येक वाक्यात आधी वस्तू यायची. झाड. कढई. गुडघा. क्रियापद मागून, जमेल तसं. बराच वेळ हे असंच चाललं. मी वाट पाहत होते की आता मुख्य विषय येईल. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "बाबांची खुर्ची दाराजवळची. ती हलवू नकोस एवढ्यात." मग डोळे उघडले. "झालं."

मला वाटलं, म्हातारे आहेत, भरकटले. हे असं पाठवलं तर त्या घरातली शिकलेली माणसं काय म्हणतील? मी म्हणाले, "काका, मी हे जरा नीट लावते."

"लाव ना. तुला कळतं."

मी नीट लावलं. आधी सांत्वनाचं ठरलेलं वाक्य, मग बाबांच्या निधनाची बातमी कळल्याचा उल्लेख, मग दुःख, मग न परतल्याबद्दल माफी. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी क्रियापद. पोचली मला वार्ता. झालं मला अतीव दुःख. लिंबाचं झाड आणि मसूर मी गाळले. कढई तर गाळलीच. खुर्चीचं वाक्य कुठे बसेना, तेही राहिलं. मग त्यांना वाचून दाखवलं. माझा अरबी आवाज मलाच पहिल्यांदा ऐकू आला, बारीक आणि सपाट.

काका मान हलवत ऐकत होते. "मोठं झालं गो," ते म्हणाले. "पेपरात येतं ना, तसं. मला निम्मं नाय समजलं, पन चांगलं हाय."

त्यांच्या फोनवरून मी ते पाठवलं. काकूंनी चहा आणि भाजलेले शेंगदाणे दिले. गावी पोचल्यावर आईने विचारलं, आज उशीर का, तर मी म्हणाले, एका पत्राचं काम होतं. मला बरं वाटत होतं. कुणाच्या तरी घरी बसून आले होते.

उत्तर पाच दिवसांनी आलं. शनिवारी मी उतरले तेव्हा काका फाट्यावरच उभे होते, फोन हातात धरून. "आलं," ते म्हणाले. ओटीवर जायचाही धीर नव्हता. मी तिथेच उभ्याने वाचलं. सुंदर अरबी होतं, प्रत्येक वाक्य क्रियापदाने सुरू होणारं. आपल्या सांत्वनाबद्दल आमचं कुटुंब आपलं आभारी आहे. देव आपल्याला याचं फळ देवो. खाली कुटुंबाचं आडनाव. शेकडो लोकांना एकच मजकूर पाठवतात, तसं.

मी भाषांतर करून सांगितलं. काकांनी पूर्ण ऐकलं.

"मामानी नाय लिवलं हे."

"नाही बहुतेक. लेकीने लिहिलं असेल."

"माझं नाव हाय त्यात?"

"नाही."

आम्ही घराकडे चालत गेलो. ओटीवर बसल्यावर त्यांनी विचारलं, "तू सुरवातीला काय लिवलंवतंस?"

मी सांगितलं. बाबा गेल्याचं कळलं, फार दुःख झालं, असं.

"आन् लिंबाचं?"

"ते मी गाळलं," मी म्हणाले.

काकू दारात सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाखडणं थांबवलं. "आगं पोरी, मयताच्या घरी जाऊन कोन मयताचं बोलतं का आदी? माझा दीर गेला तवा बायका आल्या बसायला. म्हशीचं बोलल्या. दूध आटलं का, पेंड कोन आनतं, यंदा भात कसं हाय. रडायचं ते आपसूक येतं मंग. दारातनंच 'तुजा मानूस मेला' म्हनून कोन सांगतं? तिला म्हाईत नाय काय?"

त्या रागावल्या नव्हत्या. मला खरंच माहीत नसेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

मला माझी चुलती आठवली. तीन वर्षांपूर्वी चुलते वारले तेव्हा मी शहापूरहून थेट गावी गेले होते. रस्ताभर वाक्य पाठ करत गेले. घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि माझी चुलती भाताच्या बियाण्याबद्दल बोलत होती, कोणतं ठेवलंय, कोणतं किडलं. मला ते विचित्र वाटलं, थोडं निर्दयही. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "काकांच्या जाण्याचं फार वाईट वाटलं, काकू." बियाण्याचं बोलणं जागीच थांबलं. चुलतीला रडू फुटलं. बायकांनी तिला धरलं आणि कुणीतरी मला हळूच म्हणालं, तू आत जा गो, पाणी पी. मी आत गेले. तिथे चुलीजवळ एकटी बसून राहिले. त्यानंतर चुलती माझ्याशी नेहमीसारखीच बोलते, पण ती बोलताना मी कायम तयारीत असते, आता काय चुकेल म्हणून.

मी एवढी वर्षं समजत होते की मला कमी दुःख होतं म्हणून माझं बोलणं तिथे खुपलं.

"काका," मी म्हणाले, "पुन्हा सांगा. मी तसंच लिहिते."

"नको आता. काय वाटंल तिला, एकदा पाठवलं, परत पाठवलं."

"ते तुम्ही पाठवलंच नाही. ते मी पाठवलं."

काकू सुपात बघत म्हणाल्या, "सांगा की. शनवारची एवढी उतरून आली ती."

ते पुन्हा डोळे मिटून बसले. या वेळी मी फक्त लिहिलं. सोपं नव्हतं. ते 'झाड' म्हणाले की माझा हात क्रियापद शोधायला पुढे जायचा. सव्वीस वर्षं स्वयंपाकघरात जमवलेलं त्यांचं अरबी पुस्तकात कुठेच नव्हतं. काही शब्द मी आवाजावरून लिहिले, स्पेलिंगची लाज सोडून. हळूहळू मला दिसायला लागलं की त्यांच्या वाक्यात जे पुढे येतं ते मामाला माहीत असलेलंच आहे. ते झाड तिच्या दाराशी आहे. ती फळी तिच्या डोक्यावर आहे. त्यांना कशाचीच ओळख करून द्यायची नव्हती. या वेळी एक वाक्य जास्त आलं. खुर्चीनंतर ते म्हणाले, "मी दोन महिने म्हणालो होतो."

वाचून दाखवलं तेव्हा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी अडखळले तिथे त्यांनी शब्द पुरवला. सगळं त्यांना समजलं. खाली मी फक्त त्यांचं नाव घातलं, जसं तिथे सगळे हाक मारायचे तसं, अर्धं.

त्यानंतरचे दोन शनिवार उत्तर नव्हतं. तरी मी उतरले. कारण कुणी विचारलं नाही. काकूंनी वालाच्या शेंगा सोलायला पुढे केल्या आणि मी सोलल्या. काका फोन ओटीच्या कठड्यावर ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसायचे. काकू म्हणायच्या, "बघू नका तिकडं, दूध हाय काय उतू जायला?" मला त्या दोन दुपारी फार आठवतात. कुणी मला काही बोल म्हटलं नाही, आणि मी फारशी बोललेही नाही.

तिसऱ्या शनिवारी मी बसलेली असतानाच फोन वाजला. लेखी काही नव्हतं, आवाजात पाठवलेला निरोप होता. काकांनी बटण दाबलं आणि म्हातारीचा खरखरीत, मोठा आवाज ओटीभर झाला. ती ओरडत होती. मी ऐकत राहिले, एकेक शब्द पकडायचा प्रयत्न करत. 'खोटारडा' कळलं. 'दोन महिने' कळलं. 'गुडघा' कळलं. मधलं सगळं माझ्या कानांवरून निघून गेलं. पुस्तकातल्या अरबीचा तिला पत्ताच नव्हता. मग आवाज उतरला, म्हातारी काहीतरी हळू बोलली, थांबली, पुन्हा बोलली. काकांनी पंच्याने तोंड पुसलं.

"शिव्या घालती गो," ते हसत म्हणाले. "म्हनं, बाबा रोज जेवताना इचारायचे, आला का तो."

"आणि नंतर? हळू काय म्हणाल्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायचं होतं त्यांना, ते दिसलं. पण मराठीत ते कसं आणायचं ते त्यांना सापडेना, किंवा आणावंसं वाटेना. "ते... तिचं नि माझं हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी तोच निरोप पुन्हा लावला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही शब्द कळत नव्हते, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता, तेवढं त्यांना पुरत होतं.

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर काकांनी फोन तोंडाजवळ धरला आणि बोलायला लागले. आवाज एकदाच अडकला, मग सुटला. भांडायलाच लागले ते. मध्ये हसले. मी ज्या भाषेत काम करते ती भाषा हात वर-खाली करत, वाक्यं मध्येच तोडत, माझ्यासमोर चालू होती आणि मी शेंगा सोलत बसले होते.

निघताना काका फाट्यापर्यंत आले. "लई मोठं काम केलंस पोरी," ते म्हणाले. "आता मीच बोलतो तिच्याशी. तू उगा दर शनवारी मधी उतरत जाऊ नको. घरी आई वाट बघती तुजी."

ते माझ्या काळजीने म्हणाले. मी 'हो' म्हणाले. काकूंनी ओटीवरून ओरडून सांगितलं, "येत जा गो, चा प्यायला!" आणि तेही त्यांनी मनापासून म्हटलं होतं. पण मला कुणाच्या घरी जायला काम लागतं. नुसतं चहाला मी कधी कुणाकडे गेलेले नाही.

पुढच्या शनिवारी गाडी सापगावला थांबली. दोन बायका उतरल्या, एक माणूस चढला. खिडकीतून काकांची ओटी दिसत होती. ते फोन कानाला लावून कठड्यावर बसले होते, दुसरा हात हवेत, कसलंसं भांडं किती मोठं ते कुणाला तरी दाखवत. मी खिडकीतून हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं. कंडक्टरने घंटी मारली, आणि मी बॅगेतून सोमवारचे कागद काढले.